मैद्याची जागा आणि मैद्याचं काम

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांचं ठाम मत आहे : "पिझ्झा खायचा तर मैद्याचा खा, नाहीतर गुमान भाकरी खा. हे मधलं काय काढलंस?" असं म्हणणारे भिवंडीत ते एकटे नाहीत. दुसरीकडे मोबाइलमधले आहारगुरू. त्यांच्या लेखी धान्य म्हणजे विष. बदामाचं पीठ आणा आणि अख्खं जग घरी रांधा. नवऱ्याची साखर वाढली, डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला सांगितली, आणि मुलीला तर दर रविवारी नवा देश जेवायला हवा. तेव्हापासून मी या दोन पक्षांच्या मध्ये कलथा घेऊन उभी आहे. दोघांचंही मला पटत नाही.

आधी गुरूंचा समाचार. विष वगैरे काही नाही. ज्यांना सीलिअॅक आहे त्यांना ग्लुटेन वर्ज्य, म्हणजे गहू, जव, राय. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्यंच, पण ती त्यांना चालतात. (हिंगाच्या डबीवर मात्र त्यांनी नजर ठेवावी, बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.) 'धान्य नाही म्हणजे हलकं' हे तर एकादशीच्या रात्री पोट धरून बसलेल्या कुणालाही विचारा. साबुदाणा धान्य नव्हे, पण शंभर ग्रॅममध्ये त्यात एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. जवळजवळ सगळा स्टार्च. साखरेच्या रोग्याला भाताऐवजी खिचडी वाढणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि वरीचे तांदूळ गवताच्याच कुळातले, वनस्पतिशास्त्र त्यांना धान्यच म्हणतं. उपासाला ते चालतात, कारण आपल्याला ते चालवायचे असतात.

आता बदामाचं पीठ. किलोला हजाराच्या वर. ऑनलाइन मागवलं, तर बहुधा भिवंडीजवळच्या आमच्याच माणकोलीच्या एखाद्या गोदामातून निघून ते आमच्याच दारात आलं. मोठ्या हौसेने पिझ्झा केला. तुकडा उचलला तेव्हा टोमॅटो हातात आला आणि बेस ताटलीतच राहिला, ओल्या वाळूसारखा. चूक पिठाची नव्हती, माझी होती. मी मैद्याची जागा भरली, मैद्याचं काम कोण करणार हे पाहिलंच नाही. मैदा मळला की ग्लुटेनची जाळी तयार होते; ती ताणली जाते, हवा धरून ठेवते. बदामात तेल आहे, चव आहे, जाळी नाही.

जाळी नसलेल्या पिठाचं काय करायचं, हे मला एका आगरी बाईंनी शिकवलं, तेही पिझ्झाचं नाव न काढता. तांदळाच्या पिठात ग्लुटेनचा पत्ता नाही. तरी त्यांच्या हातावर भाकरी कशी फिरते? पाणी खळखळून उकळतं, त्यात पीठ पडतं, उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकण. उतरवल्यावर ती उकड पाण्याचा हात लावून गरम गरमच मळायची, बोटं भाजली तरी. स्टार्च शिजून चिकट होतो आणि जाळीचं काम करतो. मग भाकरी दोन्ही तळव्यांत थापली जाते आणि कडेला एक चीर पडत नाही.

हे कळल्यावर जगाचा नकाशाच बदलला. ब्राझीलमध्ये टॅपिओकाच्या स्टार्चवर उकळतं दूध-तेल ओतून मळतात, त्यात अंडं आणि चीज घालून गोळे भाजतात. नाव पाव दे केजो. ही उकडच की! मी साबुदाण्याच्या पिठाचे करते, ओव्हनऐवजी आप्पेपात्रात, झाकण ठेवून. थोडे कमी फुगतात, पण बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट. (नवऱ्याच्या वाट्याला दोनच; वर लिहिलेलं मी विसरलेले नाही.) ब्रह्मदेशातल्या शान लोकांचा टोफू सोयाबीनचा नसतो. बेसन पाण्यात हळद घालून शिजवायचं, थापायचं, वड्या पाडायच्या. आपली पाटवडीच, मोहरीच्या फोडणीपुरती दूर. इटलीतल्या जेनोवाकडची फारिनाता म्हणजे भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडं.

लांब जायचीही गरज नाही. भिवंडीतल्याच पद्मानगरात तेलुगू विणकरांच्या घरी मुगाचा पेसरट्टू होतो. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या भिवंडीत शामी कबाबाला ब्रेडचा चुरा लागत नाही, खिमा शिजलेल्या चणाडाळीनेच बांधला जातो. कटलेटसाठी मी तोच धडा गिरवते.

काकांचा खरा आक्षेप वेगळा आहे : हे सगळं परकं, आपलं नव्हे. त्यांची एकादशीची थाळी तपासू. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाण्याचा कंद : सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. राजगिराही तिकडचाच, मेक्सिकोतले अॅझ्टेक तो पिकवत. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्द पोर्तुगीजांचे. इथल्याच अंजूरच्या गंगाजी नाईकांनी ज्या मोहिमेसाठी जिवाचं रान केलं, तिच्यात १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. पोर्तुगीज गेले, बटाटा राहिला, आणि उपासालाही बसला. त्या थाळीत ब्राझीलचा एक गोळा, बिनअंड्याचा, वाढला तर कुणाचा धर्म बुडणार?

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूची. फ्लॉवर किसून त्याला 'बिर्याणी' म्हणणं हा बिर्याणीवरही अन्याय आणि फ्लॉवरवरही. बिर्याणीत भात हाच पदार्थ आहे. तो काढला की उरतं ते कालवण, आणि ते कालवण म्हणूनच वाढावं. नानचंही तेच. जिथे धान्य हाच जीव, तिथे मी हात लावत नाही. त्या दिवशी नवरा अर्धा नान खातो. जिथे धान्य नुसतं भांड्याचं काम करतं, सारण धरतं, थर वेगळे ठेवतं, तिथे मला वाव आहे.

लझान्यात तेच असतं. परवा मी सुरळीच्या वड्यांचं पीठ शिजवलं, ताकाऐवजी पाण्यात. ताटाच्या पाठीवर पातळ पसरलं, पण सुरळ्या न करता रुंद पट्ट्या कापल्या. मध्ये टोमॅटोचा रस्सा, पालक, पनीर. चार थर लागले, सुरीने कापताना एकही घसरला नाही. वाटीभर काकांकडे पाठवलं, नाव न सांगता. थोड्या वेळाने बेल वाजली. रिकामी वाटी पुढे करून काका म्हणाले, "भाजी झकास झालीय. अजून थोडी दे, भाकरी उरलीय माझी."