चिमूट आणि चमचा

गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीतील माझ्या दवाखान्यात सात वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई आणि आजी आल्या होत्या. चिडचिड, लवकर दमणे, भूक नसणे या तक्रारी नेहमीच्याच. पण अलीकडे ती भिंतीचे पोपडे खाऊ लागली होती. पापणी खाली ओढून पाहताच निदानाची दिशा कळली. दुसऱ्या दिवशी आलेल्या अहवालात हिमोग्लोबिन 8.6 होते.

आहाराची चौकशी सुरू करताच दोघींत वाद जुंपला. "डब्यात रोज चॉकलेट स्प्रेड लावलेली पोळीच लागते. दुसरं काही दिलं की डबा तसाच परत येतो," आई म्हणाली. त्यावर आजी उसळल्या, "आमच्या वेळेला पोळीवर तेल-तिखट घालून दिलं की पोरं गप खात होती की, डॉक्टर! मिरचीत जीवनसत्त्वं असतात म्हणे." आईने भ्रमणध्वनी पुढे केला. त्यात स्प्रेडच्या बाटलीवरील तक्त्याचे छायाचित्र होते. "यातही दूध आहे, बदामासारखा सुका मेवा आहे. आता तुम्हीच सांगा, ते तिखट चांगलं का हे?"

त्या गर्दीच्या वेळी मी दोन वाक्यांत उत्तर दिले. त्या प्रश्नाला न्याय द्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आकडे पाहू. वाळलेल्या लाल मिरचीत दर 100 ग्रॅममागे सुमारे 12 ते 16 ग्रॅम प्रथिने असतात. तंतू भरपूर असतात आणि 'अ' जीवनसत्त्वाचे पूर्वरूप असलेले कॅरोटिनही असते. आजींचे म्हणणे अगदीच निराधार नाही. हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी 1930 च्या दशकात 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळवले, ते सेगेद परिसरात पिकणाऱ्या ताज्या पाप्रिका मिरचीतूनच. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र मिरची वाळवताना आणि साठवताना या जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. दुसरीकडे, जगात सर्वाधिक परिचित असलेल्या चॉकलेट-हेझलनट स्प्रेडच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 56 ग्रॅम साखर, 31 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि जेमतेम 6 ग्रॅम प्रथिने असतात. तक्त्यावर तिखटाचा विजय झाला!

परंतु हा विजय पोकळ आहे, आणि तो आपण वैद्यकीय मंडळींनीच प्रथम मान्य केला पाहिजे. 100 ग्रॅम तिखट कोणते मूल खाते? सात वर्षांच्या मुलाच्या वाट्याला दिवसाकाठी ग्रॅम-दीड ग्रॅम तिखट येते. त्यातून मिळणारे प्रथिन एक पंचमांश ग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 23 ग्रॅम प्रथिने आणि 15 मिलिग्रॅम लोह लागते. या गरजेपुढे चिमूटभर तिखटाची काय प्राज्ञा? मसाल्याचे गुण किलोच्या हिशेबात सांगणारे संदेश आपल्या भ्रमणध्वनीवर रोज येतात. त्यांतील आकडे कदाचित खरे असतील, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. मसाला चिमटीने खाल्ला जातो, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

स्प्रेडची गोष्ट नेमकी उलट आहे. ते चिमटीने नव्हे, चमच्याने खाल्ले जाते. पोळीवर दोन मोठे चमचे स्प्रेड, म्हणजे साधारण 37 ग्रॅम, सहज बसते. त्यात साखर होते सुमारे 21 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली अशी शिफारस केली की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या खाली आणावी. 1700 कॅलरी लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे सुमारे 21 ग्रॅम. म्हणजे मधल्या सुट्टीतच त्या दिवसाचा सारा कोटा संपला. बिस्किटे, सरबत, वाढदिवसाचा केक अजून पुढेच आहेत. बाटलीवरील दूध आणि सुका मेवा खोटे नाहीत. पण घटकांच्या यादीत साखर पहिली, पाम तेल दुसरे आणि हेझलनट व दूध त्यानंतर येतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, एवढे एक वाक्य जरी आपण पालकांना शिकवले, तरी अर्धे काम होईल. अमेरिकेत 'न्यूटेला'ची जाहिरात सकाळच्या पौष्टिक न्याहारीचा भाग म्हणून केली गेली, तेव्हा ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली आणि 2012 साली कंपनीने सुमारे तीस लाख डॉलरची तडजोड केली.

येथे काही वाचकांना वाटेल, की देशी तिखट आणि विदेशी चॉकलेट असा हा सामना आहे. तो मोह आवरावा. मिरची आणि कोको हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील ॲझटेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालून पीत असत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्याकडे आली आणि आपलीच होऊन गेली. शेंगदाणाही त्याच खंडातला. आणि साखरेचे म्हणाल, तर ती आपल्या दाराशीच पिकते. निपाणीहून बेळगावला येताना लागणारे संकेश्वर पाहा: एकीकडे ज्या मिरचीने या गावाचे नाव स्वयंपाकघराघरांत नेले ती संकेश्वरी, दुसरीकडे हिरण्यकेशी सहकारी साखर कारखान्याचे धुराडे. एकाच मातीतली ही दोन पिके. तेव्हा प्रश्न पदार्थाच्या जन्मगावाचा नाही. आजींच्या काळातली तूप-साखरेची गुंडाळी किंवा काकवी-पोळी हीदेखील साखरच होती. फरक इतकाच, की ती रोजच्या डब्यात नसे आणि तिला कोणी पौष्टिक म्हणून विकत नसे.

मग आजी हरल्या आणि आई जिंकली काय? तसेही नाही. आजींच्या तिखटाचा खरा गुण मिरचीत नाही, मिरचीच्या सोबत्यांत आहे. आपल्या भागात तिखट एकटे क्वचितच ताटात येते. शेंगदाण्याच्या, कारळ्याच्या, जवसाच्या, तिळाच्या चटणीतून ते येते. दीड चमचा स्प्रेडच्या, म्हणजे 15 ग्रॅमच्या जागी तितकीच शेंगदाण्याची चटणी घेतली, तर सुमारे एक ग्रॅमऐवजी तीन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि आठ ग्रॅम साखर टळते. शिवाय तिखटाने तोंडाला चव येते आणि त्या चवीपोटी भाकरी, वरण, पालेभाजी पोटात जाते. मसाला स्वतः पोषण देत नाही, तो पोषणाला वाट करून देतो. रोजचे गोड स्प्रेड मात्र हीच वाट अडवते. त्याची सवय झालेल्या जिभेला बाकी सारे बेचव लागते. 'डबा तसाच परत येतो' या आईच्या वाक्यात खरे निदान होते.

चटणीचे गुण गाताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. बारीक कूट द्यावे. बुरसट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते, ते फेकून द्यावेत. मीठ बेताने घालावे. अतिलाल सुट्या तिखटाविषयी सावध असावे. 2005 साली ब्रिटनमध्ये सुदान-1 हा निषिद्ध रंग मिसळलेल्या तिखटापायी चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे: 8.6 हिमोग्लोबिन चटणीने भरून येत नाही. त्याला लोहाचे औषध योग्य मात्रेत, काही महिने द्यावेच लागते. दाण्यातील लोह शरीरात कमीच शोषले जाते. जेवणात लिंबू पिळल्याने ते वाढते आणि जेवणाबरोबर चहा दिल्याने घटते. आपल्याकडे पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही सकाळी कपभर चहा मिळतो, हे आपण सारे जाणतो.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. 2016 ते 2018 या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात एक ते चार वर्षांची 41 टक्के आणि पाच ते नऊ वर्षांची 24 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली अतिप्रक्रियायुक्त व अतिगोड पदार्थांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. 2025 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. कागदावर सारे आहे.

आता एक कबुली. त्या दिवशी मुलीचा जुना केसपेपर काढून पाहिला. तीन वर्षांपूर्वी तिच्या आईने मला हेच विचारले होते. पोरगी पोळीला स्प्रेड लावल्याशिवाय खात नाही, काय करू? बाहेर वीस रुग्ण ताटकळत होते. "खाते आहे ना? मग खाऊ द्या," असे मी म्हणालो होतो आणि कागदावर लिहिले होते: 'आहार ठीक.' अक्षर माझेच होते. त्या आईने माझे ऐकले, एवढाच तिचा दोष. आजींच्या समोर मी तो कागद तिला दाखवला आणि चूक माझी होती, असे सांगितले. वाद तेथेच मिटला. औषध सुरू झाले. चहा बंद झाला. डब्यात आठवड्यातून एक दिवस स्प्रेड आणि बाकीचे दिवस दही कालवलेली चटणी-पोळी किंवा उसळ, असा तह ठरला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झाले.

ज्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे, तेथे प्रतिबंधाचे महत्त्व मी सहव्यावसायिकांना सांगण्याची गरज नाही. माझी विनंती लहानशी आहे. मुलाचे वजन नोंदवतो त्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी: 'काल डब्यात काय होते आणि किती परत आले?' हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट तीन वर्षांपूर्वी मी वाचवला होता.