पडद्यावरील अणु

गेल्या महिन्यांतील गोष्ट. देवापुढें दिवा लागला होता आणि आमची नात ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मुलगी नववींत आहे. शास्त्राच्या बाईंनीं 'अणूची रचना' हा पाठ घरीं करून पाहण्यास सांगितला होता. पाठ वाचावयाचा, फार तर मुखोद्गत करावयाचा, एवढें आम्हांस ठाऊक. तो करून पाहावयाचा म्हणजे काय, या कुतूहलानें आम्ही चष्मा लावून शेजारीं जाऊन बसलों.

पडद्यावर तीन टोपल्या होत्या. एकींत तांबडे गोळे, दुसरींत करडे, तिसरींत निळे. मुलीनें एक तांबडा गोळा उचलून मधोमध ठेवला, तोंच बाजूस 'हायड्रोजन' हें नांव उमटलें. दुसरा ठेवतांच नांव बदलून 'हेलियम' झालें. पण मधलें केंद्रक थरथर कांपूं लागलें आणि 'अस्थिर' अशी सूचना आली. तिनें एक करडा गोळा त्यांत टाकला. कांपणें थांबलें.

"आजोबा, पाहिलंत का? न्यूट्रॉन नसला तर दोन प्रोटॉन एकत्र नांदत नाहींत."

आम्हीं पाहिलें होतें. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. परंतु लहान गांवच्या शाळेंत शास्त्राचे शिक्षक रजेवर गेले कीं तो तास आमच्या गळ्यांत पडे, आणि शालान्त परीक्षेपुरत्या ज्ञानावर आम्ही तो निभावून नेत असूं. 'अणुक्रमांक म्हणजे केंद्रकांतील प्रोटॉनांची संख्या' ही व्याख्या आमच्या मुलांनीं रामरक्षेसारखी म्हटली आहे. प्रोटॉन बदलला कीं मूलद्रव्यच बदलतें, इलेक्ट्रॉन काढला तर केवळ भार बदलतो, न्यूट्रॉन वाढविला तर नांव तेंच राहून वजन वाढतें, हे तीन भेद तिनें पांच मिनिटांत हातानें शोधून काढले. सहा प्रोटॉन व आठ न्यूट्रॉन घालून तिनें कार्बन केला, तर तोही कांपूं लागला. पुराणवस्तूंचें वय ज्यावरून काढतात तोच हा कार्बन, असें आम्हीं सांगतांच तिला कोण आनंद झाला! दहाच्या पुढें मात्र हा कारखाना चालत नाहीं, निऑनपाशीं थांबतो. आम्हांस मीठ करावयाचें होतें, पण सोडियमचा क्रमांक अकरावा, म्हणून तें राहून गेलें.

या साधनास सिम्युलेशन म्हणतात. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत, बोल्डर येथें, २००२ सालीं कार्ल वीमन यांनीं 'फेट' नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांतील हें एक. वीमन यांना आदल्याच वर्षीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें होतें. एवढा मान मिळालेला मनुष्य शाळकरी मुलांच्या खेळण्यांकडे वळला, ही गोष्ट आमच्याकडील विद्वानांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हीं साधनें विनामूल्य आहेत, आणि त्यांतील कित्येकांचें मराठी भाषांतरही झालेलें आहे.

असो. खरी गोष्ट पुढेंच आहे. पडद्याच्या एका बाजूस दोन पर्याय होते. एक दाबला कीं निळे इलेक्ट्रॉन वाटोळ्या कक्षांवर मण्यांसारखे बसत. दुसरा दाबला कीं कक्षा नाहींशा होऊन केंद्रकाभोंवतीं नुसतें निळसर धुकें पसरे. मुलीनें दोन्ही चार वेळां दाबून पाहिले आणि विचारलें, "आजोबा, यांतलं खरं कोणतं?"

आम्ही गप्प राहिलों. स्पष्टच लिहावयाचें तर आम्हांस लाज वाटली. जेव्हां जेव्हां तो तास आमच्याकडे आला तेव्हां तेव्हां आम्हीं फळ्यावर मधें एक ठिपका व भोंवतीं कक्षा काढून 'हा अणु' असें सांगितलें. 'अणूचें हें एक चित्र' असें एकदांही म्हटलें नाहीं. नील्स बोर यांनीं त्या कक्षा १९१३ सालीं मांडल्या; १९२६ सालीं श्रोडिंगर यांचें समीकरण आलें आणि इलेक्ट्रॉनाचा ठराविक मार्ग हा विचारच मागें पडला. आम्हीं हातांत खडू घेण्याच्या पन्नासांहून अधिक वर्षें आधींची ही हकीकत! आमच्या वर्गांत तो प्रश्न कोणीं विचारला नाहीं, याचें कारण मुलें मंद होतीं असें नव्हे. फळ्यावर दुसरें चित्रच नव्हतें, मग 'खरें कोणतें' हें विचारणार कोण?

शेवटीं आम्हीं तिला अरुंधतीदर्शनन्याय सांगितला. लग्नांत वधूस अरुंधती दाखवितात. ती तारका इतकी बारीक कीं एकदम नजरेस येत नाहीं. म्हणून आधीं शेजारची ठळक तारका दाखवून 'हीच अरुंधती' असें म्हणावयाचें, आणि नजर तेथें स्थिरावली कीं 'ही नव्हे, हिच्या जवळची ती' असें सांगावयाचें. टॉमसन यांनीं १८९७ सालीं इलेक्ट्रॉन शोधला आणि पुढें धनभाराच्या गोळ्यांत इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत असें चित्र मांडलें. ती पहिली तारका. रदरफोर्ड यांचें १९११ चें केंद्रक दुसरी, बोर यांच्या कक्षा तिसरी. धुकेंही शब्दशः घ्यावयाचें नाहीं. तो इलेक्ट्रॉनाचा पिंजलेला कापूस नव्हे, इलेक्ट्रॉन कोठें आढळण्याचा संभव किती याचा तो नकाशा आहे. या न्यायाचा पूर्वार्ध आम्हीं वर्षानुवर्षें पाळला. 'ही नव्हे' हें वाक्य तेवढें आमच्या तोंडून निघालें नाहीं.

दुसरे दिवशीं रदरफोर्ड यांचा प्रयोग पडद्यावर काढला. या वेळीं आम्हीं एक अट घातली: कळ दाबण्यापूर्वीं कागदावर काढून दाखव, अल्फाकण कोठें जातील. टॉमसन यांच्या अणूंतून ते सरळ जातील असें तिनें काढलें, तें बरोबर निघालें. रदरफोर्ड यांच्या अणूंतूनही तिनें सर्व रेषा सरळच काढल्या. पडद्यावर बहुतेक कण सरळ गेले, पण मधूनच एखादा केंद्रकापाशीं येऊन उलट फिरला. ती दचकली. तें दचकणें हाच धडा होय. कागदावर आधीं रेषा काढली नसती तर तिनें तें कौतुकानें पाहिलें असतें आणि विसरली असती.

मग आम्हीं लॅपटॉप मिटावयास लावला आणि तिला १९०९ सालच्या मँचेस्टरला नेलें. गायगर आणि मार्सडेन हे दोघे अंधाऱ्या खोलींत, डोळे अंधारास सरावेपर्यंत थांबून, सूक्ष्मदर्शकांतून एका पडद्याकडे पाहत बसत. अल्फाकण त्या पडद्यावर आदळला कीं बारीकशी ठिणगी चमके; ती मोजावयाची. धातूच्या पातळ पत्र्यावरून सुमारे ८००० मध्यें एक कण मागें फिरतो असें त्यांना आढळलें. त्यांना दिसलें तें इतकेंच, अंधारांतील ठिणग्या. कणाची वाट कोणीं पाहिली नाहीं, केंद्रक कोणीं पाहिलें नाहीं. पर्वतावर धूर पाहून अग्नि जाणावा तसें रदरफोर्ड यांनीं ठिणग्यांवरून केंद्रक जाणलें.

सिम्युलेशनाविषयीं आमची तक्रार आहे ती येथें. जें अनुमानानें कळलें तें तें प्रत्यक्षाच्या वेषांत दाखवितें. मुलगी म्हणते 'मीं पाहिलं', आणि तिनें पाहिलेलें असतें शास्त्रज्ञांचें मत. १९८१ पासून अशीं यंत्रें आहेत कीं पृष्ठभागावरील अणूंचे उंचवटे तीं दाखवूं शकतात. पण तींही सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजून मग चित्र रेखाटतात, आणि त्यांत कक्षांवर फिरणारे निळे मणी कोठेंच नसतात.

आमचे थोरले बंधु झोंपाळ्यावरून म्हणाले, "हें सारें कणादांनीं सांगून ठेवलें आहे." आम्हांस कणादांविषयीं आदर आहे, म्हणूनच असें म्हणवत नाहीं. वैशेषिकांचा परमाणु नित्य व निरवयव. पडद्यावरच्या अणूचे तर टोपल्या भरून अवयव होते. मात्र सामान्य डोळ्यांना परमाणु दिसत नाहीं, तो अनुमानानेंच जाणावयाचा, हें त्यांनीं स्वच्छ मानलें होतें. तेवढें घ्यावें. दादांना तें पटलें नाहीं. झोंपाळ्याचा वेग वाढला.

प्रयोगशाळेच्या जागीं संगणक ठेवून भागेल काय, हा निराळा प्रश्न. आपल्याकडे अमृता विश्व विद्यापीठ व मुंबईचें सी-डॅक यांनीं मिळून शाळांसाठीं 'ओलॅब्स' नांवाची आभासी प्रयोगशाळा केली आहे. तिचा उपयोग आहेच. २००५ सालीं तर कोलोरॅडोच्याच संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं विजेचे परिपथ पडद्यावर शिकलेले विद्यार्थी पुढें खरा परिपथ जोडण्यांत, खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांहून सरस ठरले. हा निष्कर्ष आमच्या मनाविरुद्ध आहे, तरी तो दडविणें बरें नव्हे. परंतु आम्ल व अल्कली यांचें अनुमापन ज्यानें केलें आहे त्यास विचारा. ब्यूरेटची तोटी किंचित् अधिक फिरली कीं एका थेंबानें सारें गुलाबी होतें आणि पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें. तो पश्चात्ताप पडद्यावर येत नाहीं. अणूसारखी जी वस्तु कोणत्याही शाळेच्या कपाटांत ठेवतां येत नाहीं तिच्यासाठीं पडदा घ्यावा. कपाटांत ठेवतां येते ती कपाटांतच असावी. संगणक आला म्हणून कांचेच्या नळ्यांची मागणीच न करणारे चालक निघतील, ही आमची भीति आहे.

पडद्याचें आणखी एक असत्य राहिलें, तें मापाचें. तेथें केंद्रक लिंबाएवढें आणि कक्षा ताटाएवढी. वास्तविक अणूचा व्यास केंद्रकाच्या सुमारें एक लाख पट! हें शब्दांनीं कळेना, तेव्हां आम्हीं ज्वारीचा एक दाणा तुळशीवृंदावनांत ठेवला. दाणा चार मिलिमीटरांचा धरला तर अणूची सीमा चहूंकडे दोनशें मीटरांवर पडते. आजोबा-नात पावलें मोजीत निघालों. मारुतीचें देऊळ गेलें, पिठाची गिरणी गेली, पारापाशीं आम्ही थांबलों. तेथून वृंदावन सोडाच, आमचें घरही दिसत नव्हतें. "मग एवढ्या जागेंत आहे तरी काय?" तिनें विचारलें. आम्हीं म्हटलें, "तें बाईंना विचार, आमचें शास्त्र येथवरच."

परत येऊन पाहतों तों दाणा चिमणीनें नेला होता.