वाकडी घरं आणि आपली सरळ डोकी

गेल्या वीकांताला पुण्याहून आलेल्या एका काकांना लॅव्हनम दाखवायला घेऊन गेलो होतो. पूर्व इंग्लंडात, सफक परगण्यातलं हे जुनं बाजारपेठेचं गाव. तीनशेच्या वर संरक्षित इमारती, त्यातल्या बऱ्याचशा ओकच्या लाकडी सांगाड्याच्या. काकांनी चौकात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "अरे, एवढे पैसेवाले लोक हे! भिंती सरळ का करून घेत नाहीत? आणि ते लाकूड किती भुरकट पडलंय. जरा काळा ऑईलपेंट मारला तर कसं झक्क दिसेल!"

काका पाहुणे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही. कारण हाच प्रश्न मी इथल्या शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकतो, आणि त्यातले काही नुसतं विचारून थांबत नाहीत, डबा-ब्रश घेऊन कामालाच लागतात.

आधी हे घर म्हणजे काय ते बघू. पंधराव्या-सोळाव्या शतकातला सुतार ओक ओला असतानाच तासायचा, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला त्यात बसेल अशी जीभ, आणि आरपार ओकचीच खुंटी. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, तुकड्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. आमच्या भाषेत, टेस्ट करून मग डिप्लॉय! मधल्या चौकटींत काटक्यांचा कूड, त्यावर माती, पेंढा आणि शेणाचा लेप (हो, शेण. कुडाची भिंत आपल्याला नवी नाही). वरून चुना.

ओलं लाकूड जागेवर वाळताना पिळवटतं, म्हणून घरं वाकडी. पण सांधे सुटले नाहीत. ऋतूप्रमाणे लाकूड फुगतं, आक्रसतं. माती आणि चुना त्याच्याबरोबर थोडे हलतात. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून परत बाहेर पडतं. हा बग नाही मंडळी, हे डिझाईन आहे.

आणि विसाव्या शतकात आपण काय केलं? सिमेंट थापलं. सिमेंट हलत नाही. त्याला बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. ओक ओला राहतो, कुजतो, आणि ओल्या लाकडावर टपलेला भुंगा पोखरायला लागतो. जवळच्याच गावात माझ्या एका सहकाऱ्याने असं घर घेतलं. बाहेरून गुळगुळीत, टापटीप. दुरुस्तीच्या वेळी तळाच्या तुळईत मी सहज स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, तर मुठीपर्यंत आत गेला. चारेकशे वर्षं टिकलेलं लाकूड, आणि त्याचा भुगा केला आधीच्या मालकाच्या 'पक्क्या' कामाने.

काळ्या रंगाचंही तेच. या भागात ओक बहुधा तसाच राखाडी पडू द्यायचे, नाहीतर लाकूड-भिंत सगळ्यावर चुना मारायचे. काळ्या-पांढऱ्याचं वेड बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं. म्हणजे ज्याला आपण अस्सल जुनं समजून फोटो काढतो, ती जुनेपणाची नक्कल!

"मग काय गावाचं म्युझियम करायचं का?" असं कोणीतरी म्हणणारच. अजिबात नाही. इथला गिल्डहॉल साधारण 1530 चा. नंतरच्या काळात तो तुरुंग झाला, गरिबांचं कामाचं घर झाला. वापर बदलला म्हणूनच तो उभा राहिला. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये संस्था काढली तीच मुळी हे सांगायला, की दुरुस्ती करा, खोटं जुनेपण चिकटवू नका. नळ घाला, वायरी घाला, कुजलेल्या तुळईला नव्या ओकचा जोड द्या. फक्त घराचं नाक-तोंड दाबू नका.

चुन्याचं काम महाग, सावकाश, थंडीत करता येत नाही, हे सगळं मान्य. पण सिमेंटचं बिल चुकत नाही, फक्त पुढच्या मालकाच्या नावावर येतं. आणि परवानगीशिवाय अशा घरात फेरफार करणं गुन्हा आहे हे खरं असलं, तरी आधीच थापलेलं सिमेंट कायद्याने आपोआप गळून पडत नाही.

गंमत बघा. 1524 च्या करवसुलीत लॅव्हनम इंग्लंडातलं चौदावं श्रीमंत गाव होतं. मग लोकरीच्या कापडाचा धंदा बसला, आणि जुनी घरं पाडून विटांची बांधायला लोकांकडे पैसाच उरला नाही. गरिबीने जे राखलं, ते आपल्या सुबत्तेने आणि हौसेने मारायला निघालोय आपण.

परतताना गाडीत काकांना हे सगळं ऐकवलं. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या वाड्याच्या भिंतींनाही शेवटी सिमेंटच मारलं होतं रे. पाडला तेव्हा म्हणे, लाकूड कुजलं होतं."

असो.