चक्कर म्हणजे नक्की काय होते?

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. कारण चक्कर. "आता कसे आहे?" असे फोनवर विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे आणि जाता जाता माझे एक मतही मांडावे, म्हणून हा लेख.

गेल्या श्रावणात एका पहाटे कूस बदलली आणि कपाट, खिडकी, पंखा सगळे गरगर फिरू लागले. पंखा तर बंद होता! मी गादी घट्ट धरून ठेवली. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळे थांबले, पण तेवढ्यात 'आटोपला आपला कारभार' असेच वाटून गेले. मग रोज तेच. आडवे होताना, कूस बदलताना, फळीवरचा डबा काढायला मान वर केली की.

डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितले, "चक्कर येते." एवढेच. रक्तदाब तपासला, मानेचा एक्स-रे निघाला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे मणके झिजलेले दिसणार नाहीत तर काय! मानेला पट्टा आणि गोळ्या मिळाल्या. पाच महिने दोन्ही चालू. गोळ्यांनी दिवसभर गुंगी, संध्याकाळचे फिरणे बंद, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. बाहेर सौ. स्टूल टाकून बसायची. पस्तीस वर्षे वर्गात उभा राहिलेला मी भिंत धरून चालू लागलो. खरे सांगतो, चक्करेपेक्षा भीतीनेच जास्त खचलो.

शेवटी भाचीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, "सर, चक्कर हा शब्द न वापरता सांगा बरं काय होतं ते." मराठीच्या मास्तराला हा प्रश्न! मी म्हटले, "भोवंडते. खोली फिरते." किती वेळ? मिनिटभरही नाही. केव्हा? कूस बदलली की. त्यांनी मला टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवून झटकन आडवे केले आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. खोली फिरली. "सापडलं. उजवा कान," त्या म्हणाल्या.

या दुखण्याला बीपीपीव्ही म्हणतात. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांच्या शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, अगदी सूक्ष्म खडे असतात. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि नलिकेत शिरतात. मग मान थांबली तरी नलिकेतला द्रव हलतच राहतो आणि मेंदूला वाटते, आपण अजून फिरतोय. हे खडे गोळीने जागेवर जात नाहीत. गोळीने फार तर त्रास काही काळ दबतो. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी मान क्रमाक्रमाने वळवून खडे परत पिशवीत सोडण्याची युक्ती काढली. आधी त्यांची चेष्टा झाली. १९९२ साली त्यांचा त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला आणि आज ती जगभर वापरतात. माझे काम पाच मिनिटांत झाले. आठवड्याने एकदा पुन्हा करावे लागले, इतकेच.

आता माझे मत. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही, माझाही आहे. आपल्या भाषेत भोवंडणे आहे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आहे, झोक जाणे आहे. आपण मात्र सगळ्याला 'चक्कर' म्हणून मोकळे होतो. भोवंडत असेल तर बहुधा कानाकडे पाहावे लागते. उठताना अंधारी येत असेल तर रक्तदाब, त्याच्या गोळ्या, अंगातले पाणी किंवा हृदयाचे ठोके बघावे लागतात. चालताना झोक जात असेल तर पायांच्या नसा, दृष्टी, मेंदू. डॉक्टरांनी विचारायला हवे हे खरे, पण बाहेर तीस माणसे ताटकळत असताना नेमके सांगणे आपल्याच हिताचे. काय होते, किती वेळ, केव्हा, हे तिन्ही घरूनच कागदावर लिहून न्या.

दोन सूचना. चकरेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभेच राहवेना, तर क्षणभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठा. आणि मोबाईलवर पाहून स्वतःच मान वळवू नका, चालू गोळ्याही मनाने थांबवू नका. कोणता कान, हे आधी कळले पाहिजे.

हा त्रास पुन्हा होऊ शकतो, असे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले आहे. होईना का! आता त्याचे नाव-गाव माहीत आहे. पट्टा माळ्यावर गेला आहे, आणि सौ.चे स्टूल परत स्वयंपाकघरात.

असो. लेखनसीमा.