मांडवाचे विसर्जन

श्रावण सरू लागला की पनवेलच्या आळ्याआळ्यांतून मुहूर्तमेढ रोवली जाते आणि श्रींच्या आगमनाची चाहूल लागते. अनंत चतुर्दशीस मूर्तीचे विसर्जन आपण यथासांग करतो. मांडवाच्या विसर्जनाचा विचार मात्र क्वचितच होतो. खांबांसाठी खणलेले खड्डे तसेच राहतात आणि त्यांत पावसाचे पाणी साचते.

श्रौत परंपरेची दृष्टी याविषयी सूक्ष्म आहे. १९७५ साली केरळातील पांजाळ येथे नंबुद्री वैदिकांनी १२ दिवसांचे अग्निचयन केले. यज्ञ संपताच बांबू व झावळ्यांची यज्ञशाळा अग्नीस अर्पण झाली. मागे उरली ती विटांची चिती. आपला मांडव कोणी जाळू नये (आजच्या प्लास्टिकच्या कापडाचा धूर म्हणजे विषच), परंतु उभारतानाच उतरविण्याचा विचार हवा.

थर्माकोलच्या सजावटीस २०१८ साली राज्यात बंदी आली. सांगाड्याचा प्रश्न तसाच राहिला. रस्ता न खणता वाळूने भरलेल्या पिंपांत खांब उभे करता येतात. बांबूस खिळा मारला की तो चिरतो. सुंभाने बांधला तर पुढील वर्षीही कामास येतो. भाद्रपदातील वाऱ्यासाठी तिरके बांबू द्यावेत आणि कनातींत फटी ठेवाव्यात. ताणलेले कापड शिडासारखे फुगते, हे एकेकाळच्या या बंदराला सांगावयास नको.

मांडव कधी उतरेल आणि रस्ता कोण पूर्ववत करील, हे मंडळांनी वर्गणीच्या पावतीवरच छापावे. देणाऱ्यांनीही ते वाचूनच हात सैल सोडावा.