आयुष्याची दोरी : त्याची आणि तिची

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमध्ये सकाळी सहानंतर रात्रपाळीची माणसे घरी परततात. चहा होतो, पडदे ओढले जातात आणि घरधनी झोपतो. गृहिणीचा दिवस मात्र केव्हाच सुरू झालेला असतो. मुलांचे डबे, धुणे, स्वयंपाक आणि तेही त्याची झोप मोडू न देता! थकतात दोघेही. मग जास्त जगते कोण?

1970 ते 75 या काळात भारतात पुरुषांचे सरासरी आयुर्मान 50.5 वर्षे, तर स्त्रियांचे 49 वर्षे होते. 2016 ते 20 या काळात ते अनुक्रमे 68.6 आणि 71.4 झाले. म्हणजे पारडे फिरले. बाळंतपणातले मृत्यू घटले, हे त्याचे एक मोठे कारण.

पुरुष मागे का पडले? 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून येथील घरे तीन पाळ्यांच्या तालावर चालतात. रात्रीचे जागरण शरीराचे घड्याळ बिघडवते. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागे राहण्यासाठी चहा, खर्रा, विडी. अवेळी भूक लागली की भजी, समोसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार, आठवड्याला 55 तासांहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त असतो. त्यातून पुरुष मनातले बोलत नाही आणि छातीत दुखले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून टाळतो.

मग स्त्री सुखी म्हणायची का? तसे नाही. 2019 च्या सरकारी पाहणीत घरकामात स्त्रिया दिवसाला 299 मिनिटे, तर पुरुष 97 मिनिटे घालवत असल्याचे दिसले. या कामाला ना साप्ताहिक सुटी, ना निवृत्ती. सर्वांचे झाल्यावर उरलेला भात आणि तळाचे वरण तिच्या वाट्याला येते. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के आहे. ती जास्त जगते खरी, पण दुखणी अंगावर काढत. स्त्रियांच्या हृदयविकारात कधीकधी छातीत कळ येतच नाही. नुसता थकवा, मळमळ किंवा धाप लागते. घरात कुणाला संशयही येत नाही.

उपाय घरातलेच आहेत. रात्रपाळीला जाताना डब्यात पोळी-भाजी, मोड आलेली उसळ आणि एखादे फळ द्यावे. मीठ दिवसाला प्रत्येकी पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. तंबाखू सोडावी. सकाळची झोप अंधाऱ्या, शांत खोलीत पुरी करावी. गृहिणीने पालेभाजी, डाळ आणि लिंबू स्वतःच्या ताटातही वाढून घ्यावे आणि शक्य तेव्हा सर्वांबरोबरच जेवायला बसावे. सुटीच्या दिवशी भाजी निवडणे, भांडी घासणे त्याने उचलले तर तिलाही दुपारची विश्रांती मिळेल.

चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन दोघांनीही वर्षातून एकदा तपासून घ्यावे. पण दवाखान्यात जाताना त्याने एकट्याने जाऊ नये, तिलाही सोबत न्यावे. केवळ सोबतीला म्हणून नव्हे, तर तिचीही तपासणी व्हावी म्हणून.