गाविलगडाची गोष्ट कुणी सांगायची?

वऱ्हाडातल्या साहित्यिक गप्पांत एक मत फार ठासून मांडलं जातं. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहासातली भेसळ. ज्यानं दफ्तरखान्यात उमेदवारी केली नाही, त्यानं शिवकाळाला हात लावू नये. आणि कादंबरीकार गो. नी. दांडेकरांना वऱ्हाडचे का म्हणायचं? जन्म इकडचा, लेखन सगळं सह्याद्रीचं! तीन आक्षेप, एका दमात.

तिसऱ्याचा निकाल आधी लावू. 1916 साली परतवाड्यात जन्मलेले आणि वऱ्हाडच्याच गाडगेबाबांच्या सहवासात घडलेले गोनीदा 1981 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून उभे राहिले, तेव्हा ते घरीच आले होते.

दफ्तरखान्याच्या आक्षेपाचा मात्र सविस्तर समाचार घ्यायला हवा. कागद हाच इतिहास म्हणणाऱ्यांनी आधी कागद कुणी लिहिला ते पाहावं. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. परतवाड्याहून घाट चढला की चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावला भोसल्यांचं सैन्य मोडलं आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजा गडाकडे वळल्या. उत्तरेकडून मारा करायचा म्हणून जड तोफा डोंगरातून वाट काढत ओढून नेल्या. 15 डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हे सगळं तारीखवार ठाऊक आहे, कारण जिंकणाऱ्याचे खलिते पुढं छापले गेले. पण टाक्यावर पाणी भरणारी बाई, तटावर दगड रचणारा गडकरी, त्या पंधरा-सोळा दिवसांत पायथ्याच्या गावात कुणाच्या घरी चूल पेटली आणि कुणाच्या नाही, याबद्दल तो खलिता बोलत नाही. बोलणारही नाही; तो त्यासाठी लिहिलेलाच नव्हता. मग या माणसांना इतिहासातून वजा करायचं का? कागदवाद्यांचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्यांनी ते अडगावात जाऊन सांगावं.

इंग्रजांनी ही जागा मोकळी ठेवली नाही. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं याच वेढ्यावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ लिहिली. गड आपला, मेलेली माणसं आपली, नायक शार्प मात्र इंग्रज. त्याबद्दल कॉर्नवेलला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं आपल्या माणसाची बाजू धरली. आपण मात्र कादंबरी लिहावी की नाही, यावरच वाद घालत बसलो आहोत.

उमेदवारीचंच म्हणाल, तर गोनीदांनी तेराव्या वर्षी घर सोडलं आणि शाळाही सुटली. त्यांची उमेदवारी झाली ती गडांवर. राजगड, राजमाची आणि असे कितीतरी किल्ले त्यांनी वर्षानुवर्षं पायाखाली घातले. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तकं त्यातून आली. टाक्यातलं पाणी वैशाखात किती खाली जातं, ओझं घेऊन चढणाऱ्याचा दम कुठल्या वळणावर तुटतो, हे चढल्याशिवाय कळत नाही. टॉलस्टॉयसारखा लेखकही 1812ची लढाई लिहिताना नुसत्या ग्रंथांवर विसंबला नाही. 1867 साली तो बोरोदिनोच्या रणभूमीवर स्वतः जाऊन हिंडला. ‘बया दार उघड’पासून ‘हे तो श्रींची इच्छा’पर्यंतच्या पाच कादंबऱ्यांत गोनीदांनी शिवकाळ उभा केला, तो या पायपिटीच्या बळावर.

राहिली भेसळ. हा वाद मराठीत फार जुना आहे आणि दर पिढीला नव्यानं उकरला जातो. त्यात ठेवणीतलं उदाहरण सिंहगडाचं. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मुळं तानाजीवरून गडाला नाव पडलं, अशी समजूत घट्ट झाली, प्रत्यक्षात तानाजी पडला 1670मध्ये आणि ‘सिंहगड’ हे नाव 1663च्या पत्रात आहे. चूक ती चूकच. पण ती इतिहासकारांनी दाखवली, वाचकांनी मान्य केली आणि कादंबरीही वाचली जात राहिली. त्यात कुणाचं काय बिघडलं?

मग कादंबरीकारावर बंधन काहीच नाही का? आहे. कल्पित कुठलं, हे त्यानं लपवू नये. कॉर्नवेलनं शार्पला दिलेला पराक्रम खरा कॅप्टन कॅम्पबेलचा होता, हे पुस्तकाअखेरच्या टिपणात मोकळेपणानं सांगितलं. एवढी रीत मराठीत पडली, तर भेसळीची तक्रार पुष्कळ कमी होईल.

बेनीसिंगाच्या बाजूनं तो वेढा मराठीत लिहायला कुणी बसेल, त्यानं वेलस्लीचे खलिते जरूर वाचावेत. मग डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी चिखलदऱ्याहून चालत जाऊन उत्तरेच्या तटावर उभं राहावं, आणि तोफा कुठून आल्या असतील ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.